क्री तरुणांना आधार कोणाचा?

वसंतात रानहंस दक्षिणेकडून परतू लागले की उत्तर क्वेबेकमधल्या क्री गावांतल्या शाळा जवळजवळ दोन आठवडे बंद असतात. ही सुट्टी क्री स्कूल बोर्डाच्या अधिकृत वेळापत्रकात छापलेली असते. शरदात मूसच्या शिकारीसाठी अशीच आणखी एक सुट्टी मिळते. कुटुंबेच्या कुटुंबे रानातल्या आपापल्या तळावर जातात. आजोबा नातवाला वाऱ्याचा रोख बघायला शिकवतात, आजी नातीला हंस सोलून भाजायला शिकवते. या सुट्टीला कोणी मानसिक आरोग्याचा कार्यक्रम म्हणत नाही आणि तिच्यासाठी आरोग्य खात्याचा निधीही लागत नाही. तरीही क्री तरुणांच्या मनःस्वास्थ्यासाठी कॅनडात आजवर काय काय झाले याचा आढावा घ्यायचा, तर सुरुवात इथूनच केली पाहिजे असे माझे मत आहे.

क्री हा कॅनडातल्या आदिवासी राष्ट्रांपैकी सर्वांत मोठा समाज. 2016च्या जनगणनेत साडेतीन लाखांहून अधिक लोकांनी आपले मूळ क्री असल्याचे सांगितले. पश्चिमेला अल्बर्टापासून पूर्वेला क्वेबेकपर्यंत तो पसरलेला आहे. कोणी मैदानी प्रदेशातले, कोणी घनदाट सूचिपर्णी जंगलातले, कोणी हडसन उपसागराकाठच्या दलदलीतले. बोली वेगळ्या, सरकारशी झालेले करार वेगळे, गावांची परिस्थितीही वेगळी. त्यामुळे ‘क्री तरुणांची समस्या’ असे एकाच दमात म्हणणे धोक्याचे आहे, आणि वर्तमानपत्रे नेमके तेच करत आली आहेत.

सगळ्यांना समान असा एक घाव मात्र आहे, निवासी शाळांचा. शतकाहून अधिक काळ कॅनडा सरकार आणि चर्च यांनी मिळून सुमारे दीड लाख आदिवासी मुले आईवडिलांपासून तोडून या शाळांत ठेवली. आपली भाषा बोलली म्हणून मुलांना मार बसे. ऑन्टारिओतल्या फोर्ट ऑल्बनीच्या सेंट ॲन्स शाळेत तर मुलांना विजेच्या खुर्चीचे झटके दिल्याच्या साक्षी नोंदल्या गेल्या आहेत. ही शाळा 1976 पर्यंत चालू होती. या व्यवस्थेतल्या शेवटच्या शाळा 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात बंद झाल्या. म्हणजे आज विशीत असलेल्या क्री मुलामुलींपैकी अनेकांचे आजी-आजोबा, काहींचे आईवडीलही, अशा शाळांतून आलेले आहेत. ज्यांना लहानपणी कोणी जवळ घेतले नाही, त्यांना आपल्या मुलांना कसे जवळ घ्यावे हे कोण शिकवणार होते? 2008 साली संसदेत माफी मागितली गेली, 2015 साली सत्य व सलोखा आयोगाने 94 शिफारशींसह अंतिम अहवाल दिला आणि 2022च्या जुलैमध्ये पोप फ्रान्सिस यांनी अल्बर्टातल्या मास्कवासिस या क्री वस्तीत येऊन क्षमा मागितली. या घटना आवश्यक होत्या. पण माफीने घरातले मौन आपोआप सुटत नाही.

त्या मौनाचा स्फोट जगाने 2016च्या एप्रिलमध्ये पाहिला. जेम्स बे या उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर, ऑन्टारिओत, अटावापिस्कॅट हे सुमारे 2,000 वस्तीचे क्री गाव आहे. तिथे एकाच रात्रीत 11 जणांनी आयुष्य संपवण्याचा प्रयत्न केला. त्याआधीच्या सप्टेंबरपासूनच्या अशा प्रयत्नांची संख्या शंभरावर गेली होती. 9 एप्रिलला गावचे प्रमुख ब्रूस शिशीश यांनी आणीबाणी जाहीर केली. ओटावात संसदेने रात्री उशिरापर्यंत विशेष चर्चा केली आणि समुपदेशक विमानाने गावात उतरले. मॅनिटोबातल्या क्रॉस लेक या क्री गावाने त्याच वर्षी मार्चमध्ये अशीच आणीबाणी जाहीर केली होती. ऑक्टोबरमध्ये सस्कॅचेवानच्या उत्तरेकडून अगदी कोवळ्या वयाच्या मुलींच्या मृत्यूंच्या बातम्या आल्या.

अटावापिस्कॅटपासून सुमारे 90 किलोमीटरवर तेव्हा डी बिअर्स कंपनीची हिऱ्यांची खाण चालू होती. गावात मात्र घरे अपुरी होती आणि एकेका खोलीत कितीतरी माणसे झोपत होती. तिथली जुनी प्राथमिक शाळा डिझेलगळतीने दूषित झालेल्या जमिनीमुळे 2000 साली बंद झाली, आणि त्यानंतर एक अख्खी पिढी तात्पुरत्या खोल्यांत शिकली. शॅनन कूस्टाचिन ही त्यांतलीच एक मुलगी. तिने नव्या शाळेसाठी देशभरातल्या मुलांना पत्रे लिहायला लावली, थेट मंत्र्यांसमोर आपली मागणी मांडली. 2010 साली अपघातात तिचा मृत्यू झाला आणि नवी शाळा 2014 मध्ये उघडली. मुलांच्या मनावरचे ओझे नक्की कसले आहे, हे त्या चौदा वर्षांतून कोणत्याही प्रश्नावलीपेक्षा स्पष्ट कळते. आणीबाणीनंतर अटावापिस्कॅटच्या तरुणांना विचारले गेले तेव्हा त्यांनी एकत्र जमायला हक्काची जागा आणि करायला काहीतरी मागितले.

आता आकड्यांची दुसरी बाजू. कॅनडाच्या सांख्यिकी खात्याने 2019 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार फर्स्ट नेशन्स, म्हणजे क्रींसारख्या आदिवासी राष्ट्रांतील लोकांतील आत्महत्येचे प्रमाण बिगर-आदिवासींच्या तिप्पट आहे. बातम्यांत हे वाक्य येते आणि विषय तिथेच संपतो. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट सांगितली आहे. 2011 ते 2016 या काळात साठ टक्क्यांहून थोड्या जास्त वस्त्यांत एकही आत्महत्या झालेली नव्हती. आदिवासी असणे हेच दुःखाचे कारण असते, तर हे घडलेच नसते. मग काही गावांत ज्या गोष्टी आहेत आणि काहींत नाहीत, त्या कोणत्या?

याचे आजवरचे सर्वांत बळकट उत्तर मायकेल चँडलर आणि क्रिस्टोफर लालोंड या मानसशास्त्रज्ञांनी 1998 साली दिले. त्यांचा अभ्यास ब्रिटिश कोलंबियातल्या जवळपास दोनशे वस्त्यांचा होता. ज्या वस्त्यांनी जमिनीच्या हक्कासाठी लढा दिला, काही प्रमाणात स्वशासन मिळवले आणि शाळा, दवाखाने, पोलीस-अग्निशमन, सांस्कृतिक केंद्रे स्वतःच्या हाती घेतली, तिथे तरुणांच्या आत्महत्या कमी होत गेल्या. हे सहाही घटक जिथे होते तिथे अभ्यासकाळात अशी एकही घटना नव्हती. एकही घटक नव्हता अशा गावांत प्रमाण सर्वाधिक होते. 2007 साली याच संशोधकांनी आपल्या एका सहकाऱ्यासह दाखवले की ज्या गावांतले बहुसंख्य लोक आपल्या भाषेत बोलू शकतात, तिथेही हे प्रमाण जवळजवळ शून्यावर येते. अर्थात, दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असे सिद्ध होत नाही. सुस्थितीतले गाव स्वशासनही लवकर मिळवू शकते. पण ही शंका धरूनही एक मुद्दा उरतो. आजारी मुलाला शोधून उपचार करणे हे एक काम. आपले भविष्य आपल्या हातात आहे असे मुलाला वाटावे इतपत गाव समर्थ करणे हे दुसरे. पहिल्यासाठी तज्ज्ञ बाहेरून आणता येतात. दुसरे काम गावालाच करावे लागते.

क्वेबेकमधल्या क्रींची गोष्ट म्हणूनच सविस्तर सांगायला हवी. त्यांच्या मुलखाचे नाव ईयू इस्टची. नऊ गावे आणि वीस हजारांच्या आसपास लोक. 1971च्या एप्रिलमध्ये क्वेबेक प्रांताच्या सरकारचे प्रमुख रोबेर बुरासा यांनी जेम्स बेमध्ये मिळणाऱ्या नद्यांवर प्रचंड जलविद्युत प्रकल्प जाहीर केला. तो त्या नद्यांच्या काठच्या क्रींना न विचारता. बिली डायमंड हे विशीतले तरुण प्रमुख इतर गावांच्या प्रमुखांना घेऊन न्यायालयात गेले. 1973च्या नोव्हेंबरमध्ये न्यायमूर्ती आल्बेर मालूफ यांनी काम थांबवण्याचा आदेश दिला. आठवड्याभरात वरच्या न्यायालयाने तो उठवला, पण सरकारला वाटाघाटींना बसावेच लागले. 11 नोव्हेंबर 1975ला जेम्स बे करार झाला. त्याची किंमत मोठी होती. जमीन बुडाली, माशांत पारा साठला, आणि ला ग्रांद नदीच्या मुखाशी असलेल्या बेटावरचे फोर्ट जॉर्ज हे गाव 1981च्या सुमारास उचलून मुख्य भूमीवर चिसासिबी म्हणून वसवावे लागले. पण त्याच करारातून क्रींना स्वतःचे शाळामंडळ मिळाले आणि स्वतःचे आरोग्य व समाजसेवा मंडळही मिळाले. दोन्ही 1978 पासून चालू आहेत. हंसांसाठी शाळा बंद ठेवायचा अधिकार आला तो इथून.

याच करारातली एक तरतूद मला सर्वांत दूरदर्शी वाटते. शिकारीवर जगणाऱ्या कुटुंबांसाठी उत्पन्न-सुरक्षा योजना. वर्षातले किमान चार महिने रानात काढणाऱ्या कुटुंबाला तिथे घालवलेल्या दिवसांच्या हिशोबाने पैसे मिळतात. ही योजना 1976 पासून चालू आहे. तिने काय साधले? रानात जाणे ही फक्त हौस किंवा सहल न राहता ती उपजीविका राहिली. सुमारे तीनशे कौटुंबिक शिकारभूमींवर माणसे टिकली, म्हणून नातवंडांना न्यायला जागा उरली आणि नेणारे हातही उरले. मॅकगिल विद्यापीठाचे मनोविकारतज्ज्ञ लॉरेन्स किर्मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली जेम्स बे क्रींच्या मानसिक ताणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. रानात जास्त वेळ घालवणारे आणि गावातल्या इतरांशी चांगले संबंध असणारे लोक कमी तणावात असल्याचे त्यांना दिसले. मानववंशशास्त्रज्ञ नेओमी ॲडेलसन यांनी व्हापमागूस्टुई गावात राहून केलेल्या अभ्यासातही हेच आढळते. तिथल्या क्रींच्या दृष्टीने बरे असणे म्हणजे ऊब, रानातले अन्न, शिकारीला जाण्याची ताकद आणि आपल्या जमिनीवरचा आपला हक्क. रक्तदाब किंवा मधुमेह ही त्यानंतरची गोष्ट.

यातूनच गेल्या दोन दशकांत रानातल्या उपचार-शिबिरांची पद्धत पुढे आली. चिसासिबीत एडी पाशागम्सकम हे ज्येष्ठ क्री आपल्या कुटुंबाच्या शिकारभूमीवर तरुणांना घेऊन जाऊ लागले. लॅरी हाउस यांनी गावच्या बाजूने त्याची घडी बसवली आणि संशोधक इओआना राडू यांच्यासह तिघांनी 2014 साली त्यावर लेख लिहिला. तळ उभारायचा, जाळी टाकायची, लाकूड फोडायचे, आणि संध्याकाळी शेकोटीपाशी कोणी बोलेल तर ऐकायचे. समुपदेशकाच्या खोलीत समोरासमोर बसल्यावर ज्या मुलाच्या तोंडून शब्द निघत नाही, तो जाळे ओढताना बोलतो. हात गुंतलेले असले की बोलणे सोपे जाते, हे घरातल्या चार बायका एकत्र पापड लाटताना कशा मोकळ्या होतात ते पाहिलेल्या कोणालाही पटेल.

ऑन्टारिओच्या बाजूला फोर्ट ऑल्बनीतही असाच प्रयत्न झाला. तिथले माजी प्रमुख एडमंड मेटाटावाबिन हे स्वतः सेंट ॲन्समधून आलेले. त्यांच्या गावातल्या तरुणांनी वडीलधाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, त्यांवर रेडिओ कार्यक्रम केला आणि मग सगळे मिळून होड्यांतून ऑल्बनी नदीवर प्रवासाला निघाले. जागांची जुनी नावे पुन्हा बोलली गेली, नकाशावर लिहिली गेली. ज्या गावात शाळेने भाषा पुसली, तिथेच मुले ती भाषा नदीवर शिकली.

इतके असूनही रान हा सर्व दुखण्यांवरचा उतारा आहे असे मी म्हणणार नाही. शिबिरांचे मूल्यमापन बहुतेक वेळा छोटे असते, मोजक्या सहभागींचे असते आणि दीर्घ पाठपुरावा क्वचितच होतो. तीव्र नैराश्य, मनोविकृती, व्यसनातून सुटताना होणारा शारीरिक त्रास यांना औषध आणि डॉक्टर लागतात, आणि ते वेळेवर लागतात. शिवाय संस्कृतीच्या नावाखाली सरकारला अंग काढून घेता येते ही भीतीही खरी आहे. गावात पाणी शुद्ध नाही, घरे नाहीत, तर आठवड्याच्या शिबिरातून परतलेला मुलगा पुन्हा त्याच गर्दीत झोपतो. सगळ्याच तरुणांना शिकार आवडत नाही, हेही मान्य करायला हवे. कोणाला हॉकी हवी असते. मूस फॅक्टरी या गावच्या जोनाथन चीचू याने 2005-06 च्या हंगामात 56 गोल करून एनएचएल या बर्फावरच्या हॉकीच्या लीगमध्ये गोलसंख्येत पहिला क्रमांक मिळवला, तेव्हा किती मुलांच्या डोळ्यांपुढे स्वप्न उभे राहिले असेल. कोणाला संगीत किंवा कॅमेरा हवा असतो. फिरता स्टुडिओ घेऊन गावोगावी जाणारे वापिकोनी मोबिल 2004 पासून तरुणांना स्वतःचे चित्रपट करू देत आहे.

दवाखान्याच्या बाजूने पाहता, मला सर्वांत आश्वासक वाटतो तो ॲक्सेस ओपन माइंड्स हा देशव्यापी प्रकल्प. त्याचे नेतृत्व भारतीय वंशाचे मनोविकारतज्ज्ञ अशोक मल्ला आणि त्यांच्या सहकारी श्रीविद्या अय्यर यांनी मॉन्ट्रियलमधून केले; दोघांनी चेन्नईच्या ‘स्कार्फ’ या मानसिक आरोग्य संस्थेबरोबरही वर्षानुवर्षे काम केले आहे. प्रकल्पाच्या केंद्रांत ईयू इस्टचीमधले मिस्टिसिनी आणि सस्कॅचेवानमधले स्टर्जन लेक ही क्री गावे होती. त्यांचे नियम साधे होते. वय 11 ते 25. मदत मागितल्यापासून 72 तासांत भेट. तज्ज्ञाची गरज असेल तर 30 दिवसांत. प्रवेशाचे दार एकच, आणि ते गावातल्या जागेत, तरुणांना यायला आवडेल अशा ठिकाणी. मोठ्या शहरातही 72 तासांत भेट मिळणे दुर्मीळ आहे. विमानानेच पोहोचता येणाऱ्या गावांत अनेकदा महिन्यातून काही दिवस येणाऱ्या डॉक्टरची वाट पाहावी लागते.

यातला ‘25’ हा आकडा फार महत्त्वाचा आहे. कारण बाकी बहुतेक आधार अठराव्या वर्षी तुटतो. जॉर्डन रिव्हर अँडरसन हे मॅनिटोबातल्या नॉर्वे हाउस क्री नेशनचे बाळ 1999 साली गुंतागुंतीच्या आजारासह जन्मले. दोन वर्षांचे असताना ते रुग्णालयातून बाहेर पडू शकले असते. पण घरच्या शुश्रूषेचा खर्च केंद्राने करायचा की प्रांताने, या वादात ते अडकले आणि 2005 मध्ये, पाच वर्षांचे असताना, रुग्णालयातच गेले. त्याच्या नावाचा नियम संसदेने 2007च्या डिसेंबरमध्ये स्वीकारला: आधी मुलाला सेवा द्या, बिलाचा वाद मागाहून घाला. तरीही सरकारने नियम नीट पाळला नाही. आदिवासी मुलांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या सिंडी ब्लॅकस्टॉक यांच्या दीर्घ कायदेशीर लढ्यानंतर 2016च्या जानेवारीत मानवाधिकार न्यायाधिकरणाने सरकारला भेदभावाबद्दल दोषी ठरवले. त्यानंतर या नियमाखाली समुपदेशन, शाळेतली मदत, रानातली शिबिरे यांसाठीही पैसे मिळू लागले. पण तो नियम मुलांसाठी आहे. क्री राहतात त्या बहुतेक प्रांतांत अठरा वर्षे पूर्ण होताच तो लागू राहत नाही. पालकगृहात वाढलेल्यांना 2022 पासून 26व्या वाढदिवसापर्यंत मदत देण्याची तरतूद झाली, हे चांगले झाले. आईवडिलांच्या घरात राहून तितकाच कोलमडलेला एकोणीस वर्षांचा मुलगा मात्र त्या दोहोंच्या मधल्या फटीत पडतो, आणि फर्स्ट नेशन्समध्ये आत्महत्येचा धोका तर पंधरा ते चोवीस या वयात सर्वांत जास्त असतो.

दुसरा दोष निधीच्या पद्धतीत आहे, आणि माझ्या मते तो सर्वांत घातक आहे. उत्तर ऑन्टारिओत वापेकेका हे ओजी-क्री भाषकांचे गाव आहे. 2016च्या जुलैमध्ये त्यांनी आपल्या मुलींमध्ये धोका दिसतो आहे असे सांगत मानसिक आरोग्यासाठी सुमारे पावणेचार लाख डॉलरची मागणी केली. पैसे मिळाले नाहीत. 2017च्या जानेवारीत तिथल्या बारा वर्षांच्या दोन मुली गेल्या. अर्ज आर्थिक वर्षात चुकीच्या वेळी आला होता, असे खुलाशात सांगितले गेले. हा कोणा एका अधिकाऱ्याचा कठोरपणा म्हणून सोडून देता येणार नाही. वर्षाला एक अर्ज, मार्चअखेर हिशोब, पुढच्या वर्षी पुन्हा नवा अर्ज, या चाकोरीत कोणताही कार्यक्रम मूळ धरू शकत नाही. समुपदेशक नेमला, मुलांचा विश्वास बसू लागला, आणि करार संपला म्हणून तो गेला. ज्या मुलांनी आयुष्यात माणसे निघून जातानाच पाहिली, त्यांच्या बाबतीत हे म्हणजे जखमेवर पुन्हा जखम. जेम्स बे कराराचे बळ नेमके इथे दिसते. शाळामंडळ, आरोग्यमंडळ, शिकारी कुटुंबांचे उत्पन्न, या सगळ्यामागे कायदेशीर करार आहे; ते दरवर्षीच्या मंजुरीवर टांगलेले नाही.

शहरांतल्या क्री तरुणांसाठी चित्र आणखी विस्कळीत आहे. विनिपेग, सस्कटून, एडमंटन येथे मोठ्या संख्येने क्री राहतात. अनेक जण शिक्षणासाठी किंवा घराच्या टंचाईमुळे आलेले. गावच्या योजना त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत आणि शहरी दवाखान्यांना त्यांची पार्श्वभूमी ठाऊक नसते. एडमंटनची अमिस्कवाची ॲकॅडमी ही 2000 साली सुरू झालेली शाळा आणि विनिपेगची का नी कानीचिक ही संस्था, असे काही ठिकाणचे काम दिलासा देणारे आहे, पण गरजेच्या मानाने अपुरे.

तरुणांनी स्वतः काय केले, हेही सांगायला हवे. 2013च्या 16 जानेवारीला व्हापमागूस्टुईहून डेव्हिड कवापिट आणि त्याचे मित्र एका जाणत्या वाटाड्यासह ओटावाकडे पायी निघाले. जवळपास 1,600 किलोमीटर, हाडे गोठवणारी थंडी, पायात बर्फावर चालायचे जोडे. वाटेतल्या प्रत्येक गावातून तरुण सामील होत गेले आणि 25 मार्चला संसदेपुढे पोहोचले तेव्हा ते शेकडो होते. त्या दिवशी पंतप्रधान टोरंटोत, चीनहून आलेल्या पांडांच्या स्वागताला गेले होते. चालणाऱ्यांना मात्र हवे ते एका अर्थी वाटेतच मिळाले होते. गावोगावच्या सामुदायिक दालनांत आज्यांनी त्यांना जेवू घातले, लहान मुले त्यांच्याबरोबर काही अंतर चालली, आणि कित्येकांनी रडत आपापल्या घरातल्या गोष्टी सांगितल्या.

कॅनडात आज हजारो मराठी कुटुंबे आहेत. काही एडमंटन आणि सस्कटूनमध्ये, म्हणजे क्री राष्ट्राशी 1876 साली झालेल्या सहाव्या कराराच्या भूमीवर राहतात. त्यांतले काही परिचारिका, शिक्षक, समाजसेवक म्हणून क्री तरुणांच्या रोजच्या संपर्कात येतात, आणि अनेक जण मतदार आहेत. पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारात आला तर त्याला दोन प्रश्न विचारा: आदिवासी तरुणांच्या मानसिक आरोग्याचा निधी तुम्ही किती वर्षांसाठी बांधून देणार, आणि तो अठराव्या वर्षी थांबणार की पंचविसाव्या?